दंडावरचा सेन्सर आणि रात्रीचा वरणभात

साखर मोजणारा सेन्सर. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा, चौदा दिवस चालतो. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अशा सगळ्या सेन्सरांचं तंत्र साधारण सारखंच आहे आणि मला सांगायचंय ते जेवणाच्या वेळेबद्दल. माझं मत आधीच सांगते: एकदा लावून बघाच, कायम लावून फिरायची मात्र गरज नाही.

मी ५२ वर्षांची, डोंबिवलीची, नोकरी मस्जिद बंदरला. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची रक्तचाचणी, ६.३ आलं. ६.५ला मधुमेह म्हणतात, म्हणजे उंबरठ्यावरच. त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला. आमच्या बिल्डिंगमध्ये दीक्षित पद्धतीवाले आहेत: दिवसातून दोनदाच जेवायचं आणि पंचावन्न मिनिटांत आटपायचं. त्यांच्याच समोरच्या दारात दर दोन तासांनी थोडं थोडं खाणारे. सासूबाईंचं म्हणणं, रात्री भात खाल्ल्याशिवाय झोप लागत नाही आणि त्यांच्या आईनेही जन्मभर तेच केलं. डायटिशियन म्हणाली, पोळी-भात जे काय ते सकाळी खा, संध्याकाळनंतर बंद. मला यातल्या कुणाशीच वाद घालायचा नव्हता, माझ्या शरीराला काय चालतं एवढंच बघायचं होतं.

सेन्सर मोठ्या नाण्याएवढा. लावताना खटकन आवाज होतो, दुखत म्हणाल तर नाही. केसासारखी बारीक तार कातडीखाली जाते आणि पेशींभोवतीच्या पाण्यातली साखर मोजते. रक्तातली नाही, त्यामुळे बोट टोचून येणाऱ्या आकड्याच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. लावल्यावर पहिला तास काही दाखवत नाही. माझा जुन्या पद्धतीचा, फोन टेकवला की आकडा येतो. आठ तासांत एकदा तरी टेकवायचा, नाहीतर मधला आलेख कोरा राहतो.

आता मुद्द्याचं. पहिला धक्का सकाळी बसला. सात वाजता कांदेपोहे आणि चहा घेऊन निघायचं ही माझी वर्षानुवर्षांची पद्धत. ठाणं जायच्या आत आकडा १८८. डायटिशियनचा सल्ला चुकीचा नाही, साधारण माणसाचं शरीर सकाळीच कार्बोहायड्रेट चांगलं पचवतं. पण पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत स्वतःहून साखर सोडतं, आणि माझ्यासारखीचं इन्सुलिन तिथे कमी पडतं. वर नुसते पोहे, सोबत ना डाळ ना अंडं.

दुपारी एकचा डबा मात्र गुणी निघाला. दोन पोळ्या, उसळ, कोशिंबीर, वाटीभर भात. दीडशेच्या थोडं पुढे जाऊन तासाभरात खाली. आम्ही तिघीजणी जेवून एक चक्कर मारतो, सुक्या मेव्याच्या दुकानांपर्यंत आणि परत. त्याचा परिणाम आलेखावर दिसतो. पावसामुळे चक्कर चुकली की तोच डबा वीस-पंचवीस आकड्यांनी वर जातो. स्नायू चालताना साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी इन्सुलिनची फारशी वाट बघत नाहीत. शतपावली रात्रीच्या जेवणानंतरच घालायची हे कुणी ठरवलं कोण जाणे.

रात्र हा खरा घोळ. घरी पोचायला आठ, पानं वाढेपर्यंत पावणेदहा. तोच वाटीभर भात, तेच तूप, वरण. आकडा १७० पर्यंतच जातो, पोह्यांपेक्षा कमी. पण उतरतच नाही. रात्री दीडला जाग आली म्हणून फोन टेकवला तर अजून दीडशेच्या वर. डॉक्टरांनी समजावलं: झोपेची वेळ झाली की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक वाढतं आणि त्या वेळी स्वादुपिंड इन्सुलिन सोडायला कुरकुरतं. म्हणजे भाताची वाटी तीच, नऊ तासांनी हिशोब वेगळा.

आणि संकष्टी! तो आलेख मी सासूबाईंना दाखवला, त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाल्या, "देवाचं आहे, याला काही होत नाही." दुपारी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, शेंगदाण्याच्या कुटाने जो काय आधार दिला तेवढाच. आकडा सरळ उभा चढला. मग संध्याकाळभर भूक, आणि चंद्रोदय नऊ वाजून काही मिनिटांनी, म्हणजे भात-पोळी-मोदक सगळं एकदम झोपायच्या आधी. साखरेच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. उपास मी सोडलेला नाही. दुपारी खिचडीऐवजी वरी आणि दाण्याची आमटी बेताने खाते, रात्री मोदक एक, भात नाही. वरीनेही साखर वाढते, पण आमटीबरोबर थोडी खाल्ली तर माझा आलेख बराच सपाट राहतो.

बाकी बदल सांगायचे तर सकाळी मुगाचं धिरडं किंवा दोन अंडी. पोहे रविवारी चार वाजता. ज्वारीची भाकरी आणि भाजीचा छोटा दुसरा डबा, ऑफिस सुटायच्या आधी सहाला खायचा. साहेबांनी एकदा बघितलं, काही बोलले नाहीत. रात्री घरी सगळ्यांबरोबर बसते, पण पानात उसळ, भाजी, ताक. भात खायचाच असला तर शेवटी, चार घास. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली हाच क्रम तपासला होता: भाज्या आणि प्रथिनं आधी, पाव नंतर, तर जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. आपल्याकडे मात्र वरणभातापासून सुरुवात.

सेन्सरच्या कुरबुरीही आहेत. डाव्या कुशीवर झोपले की दंड दाबला जातो आणि आकडा खोटा खाली येतो. एका पहाटे ६२ बघून घाबरले, बोट टोचलं तर ९७. म्हणून ग्लुकोमीटर फेकून देऊ नका. लेडीज डब्याच्या गर्दीत धक्का लागतो, घामाने कडा सुटतात. औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी वरून लावा. ॲपमध्ये जेवण नोंदवायला गेले तर पास्ता आहे, पॅनकेक आहे, थालीपीठ नाही. शेवटी वही घेतली. वहीशिवाय सेन्सर लावू नका, कारण नुसत्या रेषेवरून आपण काय आणि किती वाजता खाल्लं हे चौथ्या दिवशी आठवत नाही.

किंमत मला साडेचार हजारांच्या आसपास पडली. विम्यातून काही मिळालं नाही. ज्यांची साखर ठणठणीत आहे त्यांनी हौसेखातर हा खर्च करू नये, जेवणानंतर थोडी चढ-उतार सगळ्यांचीच होते आणि ती बघून उगाच जेवण तुटतं. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर आलेख बघून स्वतःच्या मनाने रात्रीचं जेवण कमी करू नका, पहाटे साखर खरोखर खाली जाऊ शकते, आधी डॉक्टरांशी बोला. आणि पहिला सेन्सर लावाल तो सुट्टीत नको, रोजच्या धावपळीतल्या पंधरवड्यात लावा. जमल्यास त्यात एखादी संकष्टी येऊ द्या.