निकोटीनचे च्युइंगगम: 3 महिन्यांच्या वापरानंतर

रोज 15 सिगारेटी ओढण्याची 22 वर्षांची सवय मोडण्यासाठी मी 3 महिने 2 मिलिग्रॅम निकोटीनचे च्युइंगगम वापरले. औषधाच्या दुकानात पट्टी हातात मिळाली, पण ते कसे वापरायचे हे कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. गम म्हणजे चघळायचेच, या समजुतीने पहिली वडी भराभर चावली आणि दहा मिनिटांत घशाशी जळजळ व लागोपाठ उचक्या सुरू झाल्या. लाळेबरोबर गिळलेले निकोटीन पोटाला त्रास देते आणि त्यातले बरेचसे यकृतातच मोडून जाते, त्यामुळे त्रास झाला तरी तलफ मात्र जागच्या जागी राहिली.

खरी पद्धत अशी की वडी सावकाश चावायची, जिभेला मिऱ्यासारखी झणझण जाणवली की थांबायचे, आणि तंबाखूची चिमूट धरतात तशी ती गाल व हिरडीच्या मध्ये धरून ठेवायची; झणझण ओसरली की पुन्हा दोन-चार वेळा चावायची. अशी एक वडी साधारण अर्धा तास पुरते. आपल्याकडे तंबाखू चुन्याबरोबर मळतात, त्यामागचेच रसायनशास्त्र येथे आहे: तोंडात अल्कधर्मी वातावरण असेल तर निकोटीन गालाच्या अस्तरातून सहज शोषले जाते, म्हणून गममध्ये चुन्याच्या जागी सौम्य क्षार घातलेले असतात. कॉफी किंवा लिंबू सरबत पिऊन लगेच वडी तोंडात टाकली, तर आम्लामुळे ही सगळी योजना फसते. मध्ये किमान 15 मिनिटे जाऊ द्यावीत.

‘याने काहीच मजा येत नाही’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. ती खरी आहे, पण तो या वस्तूचा दोष नव्हे. झुरक्यातले निकोटीन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोहोचते, तिथल्या असेटिलकोलीन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींना (ते रसायन जिथे चिकटते त्या जागांना) चिकटते आणि डोपामिनची, म्हणजे सुखद भावना देणाऱ्या रसायनाची, एकदम लाट उठवते. या झपाट्यामुळेच व्यसन इतके घट्ट बसते. गममधले निकोटीन रक्तात हळूहळू चढते, त्यामुळे लाट उठत नाही, फक्त तगमग, चिडचिड आणि हातांचा अस्वस्थ चाळा आटोक्यात राहतो. स्वीडनमध्ये ही कल्पना पुढे आली तीच पाणबुडीवरच्या खलाशांकडे पाहून: धूम्रपान करता येत नसे तेव्हा ते चघळायच्या तंबाखूवर वेळ निभावून नेत. अमेरिकेत या गमला 1984 मध्ये मान्यता मिळाली.

हृदयाची काळजी मलाही होती. निकोटीनमुळे अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी वाढते आणि रक्तदाबही थोडा चढतो, गममधूनही. मात्र धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवतो आणि धुरातले इतर घटक रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. हा भाग गममध्ये नाही. तरीही नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, हृदयाचे ठोके गंभीर स्वरूपात अनियमित असतील किंवा छातीतले दुखणे वाढत चालले असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय याला हात लावू नये.

दुसऱ्या आठवड्यात मला रात्री धडधड होऊ लागली आणि मी सारा दोष गमला दिला. डॉक्टरांनी विचारले, चहा किती पिता? दिवसाला सहा कप. धुरामुळे यकृतातले एक विकर (एन्झाइम) जोमाने काम करते आणि कॅफिन लवकर मोडते. धूर बंद झाला की तेच कॅफिन शरीरात अधिक वेळ रेंगाळते. चहा तीन कपांवर आणल्यावर माझी धडधड थांबली. धूम्रपान सोडल्यावर काही औषधांचे डोसही याच कारणाने बदलावे लागतात. दम्यावरचे थिओफिलिन हे त्यातले एक.

माझी मुख्य नापसंती वेष्टनाबद्दल आहे. माझ्या पट्टीबरोबरची माहिती इंग्रजीत आणि इतक्या बारीक अक्षरांत होती की चष्मा लावूनही कष्टाने वाचावी लागली. जी पद्धत चुकली तर पैसे वाया जातात, ती मराठीत चार ओळींत सहज छापता आली असती. गम चिवट आहे, दातांवर कॅप किंवा कवळी असलेल्यांना ते अडचणीचे ठरेल. पहिल्या महिन्यात मला दिवसाला दहा वड्या लागत. आता फक्त जेवणानंतरची एक उरली आहे.