पुरुषांचा विभाग की बायकांचा: रोजचे कपडे घेताना

कपड्यांच्या दुकानात शिरलं की पहिली निवड आपण करतच नाही. एका बाजूला पुरुषांचा विभाग, दुसऱ्या बाजूला बायकांचा. पाय सवयीने आपापल्या बाजूला वळतात. तरी कधी ना कधी मनात येतंच, की पलीकडची पँट जास्त टिकेल, पलीकडचे बूट पायाला बरे पडतील, उकाड्यात पलीकडचं ते सैल, घेरदार काहीतरी अंगाला सुखाचं होईल. मग घ्यावं का? आणि घेतलं तर लोक काय म्हणतील?

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि वेगवेगळेच सोडवावे लागतात. पहिला कापडाचा, मापाचा आणि शिवणीचा. दुसरा माणसांचा, आणि त्याचं उत्तर आज बाईसाठी एक आहे, पुरुषासाठी दुसरं. माझं मत आधीच सांगते. बाईने पँट, टी-शर्ट आणि बूट पुरुषांच्या विभागात जरूर बघावेत. बटणांचा शर्ट आणि बेतलेलं जाकीट बहुधा आपल्याच बाजूला घ्यावं. पुरुषाला पलीकडे मिळणारी सोय खरी आहे, पण तिची सामाजिक किंमत अजून मोठी आहे, म्हणून त्याने ती कुठे मोजायची हे जास्त विचारपूर्वक ठरवावं. सगळे कपडे एकदम बदलायची गरज कुणालाच नाही.

खिसे

सुरुवात इथूनच करायला हवी, कारण दोन विभागांतला सगळ्यात ढळढळीत फरक इथे आहे. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ या संकेतस्थळाने २० ब्रँडच्या, सारख्याच कमरेच्या पुरुषी आणि बायकी जीन्स घेऊन खिसे मोजले. बायकांच्या जीन्सचा पुढचा खिसा सरासरी ४८ टक्के कमी खोल आणि ६.५ टक्के कमी रुंद निघाला. म्हणजे निम्माच. त्यात फोन उभा राहत नाही, हात धड आत जात नाही, किल्ल्या बसताना टोचतात.

बायकांना खिसे कधी नव्हतेच, असं मात्र नाही. अठराव्या शतकातल्या युरोपात बायका घागऱ्याखाली कमरेला बांधायचे मोठाले सुटे खिसे वापरत आणि वरच्या कपड्याला ठेवलेल्या फटीतून आत हात घालत. शतकाच्या अखेरीस अंगासरशी उतरणारे झगे आले, आत खिसा बांधायला जागा राहिली नाही, आणि तो खिसा छोट्या बटव्याच्या रूपाने हातात आला. आजही कारण तेच आहे. मांडीला चिकटणाऱ्या पँटमध्ये खोल खिसा घातला तर तो बाहेरून फुगलेला दिसतो, म्हणून आकार आधी ठरतो आणि खिसा त्यात मावेल तेवढाच उरतो.

फरक लहान वाटतो, पण दिवसभराचा हिशोब केला तर तसा राहत नाही. खिसा नसला की पर्स आली. पर्स आली की एक खांदा आणि बऱ्याचदा एक हात अडकला, आणि ती कुठे ठेवायची, कुणाच्या भरवशावर ठेवायची हा विचार दिवसभर सोबत आला. ज्यांचं काम दोन्ही हातांचं आहे, म्हणजे रुग्णांची देखभाल करणाऱ्या, शिडीवर चढणाऱ्या, कडेवर मूल घेऊन फिरणाऱ्या, त्यांच्यासाठी हा एकच मुद्दा पुरुषांच्या पँटच्या बाजूने कौल द्यायला पुरेसा आहे. माझ्या लेखी तरी आहे.

आपल्याच विभागात घ्यायचं असेल तर खिशाच्या फटीत बोटं घालून बघा. काही खिसे नुसते टाक्यांनी बंद केलेले असतात; आत पिशवी हाताला लागली तर टाके उसवले की खिसा मोकळा. आत काहीच नसेल तर ती फक्त शोभेची पट्टी आहे.

माप आणि बसणं

पुरुषांच्या पँटवर सहसा कंबर आणि आतल्या पायाची लांबी इंचांत लिहिलेली असते. बायकांच्या पँटवर एखादा आकडा किंवा एखादं अक्षर, आणि त्याचा अर्थ ब्रँडगणिक बदलतो. न घालता कपडा मागवायचा असेल तर इंचांची पद्धत सरळ फायद्याची. तीही काटेकोर नसते, तीस लिहिलेली पँट मोजली तर बरेचदा जास्त भरते, पण अंदाज बांधायला काहीतरी आधार मिळतो.

बसण्याच्या बाबतीत पारडं दुसरीकडे झुकतं. पुरुषांची पँट कमरेपासून नितंबांपर्यंत जवळजवळ सरळ उतरते. ज्या बाईच्या कंबर-नितंबांत बराच फरक आहे तिला ती मांडीत बसेल तेव्हा कमरेला मागे पोकळी राहील, आणि कमरेला बसेल तेव्हा मांडीत चढणार नाही. अशा वेळी माप नितंब आणि मांडीचं घ्यावं आणि कंबर टेलरकडून आत घ्यावी. फॉर्मल पँटच्या मागच्या मधल्या शिवणीत अल्टर करण्यासाठी बहुधा जादा कापड सोडलेलं असतं आणि तिथूनच ती लहानमोठी करायची असते, त्यामुळे हे काम सोपं. जीन्सचा पट्टा अखंड असतो. तिथे काम वाढतं आणि शिवण दिसते.

उलट्या दिशेने, सडपातळ पुरुषाला बायकांची जीन्स कमरेला आणि पायाला नीट बसते, पण पुढच्या बाजूला आसनात जागाच नसते. घालून दुकानात दोन मिनिटं उभं राहिलं तर कळत नाही. खाली बसलं की लगेच कळतं.

शर्टाचं सांगायचं तर छातीला बसणारा पुरुषी शर्ट बाईच्या खांद्यावरून खाली ओघळतो, मुंढा खोल असल्याने हात वर केला की सगळा शर्ट वर ओढला जातो आणि खालचं बटण नितंबांवर ताणतं. बायकांच्या शर्टात छातीजवळ टक्स असतात, ते उगाच नसतात. रुंद खांद्याच्या, सपाट बांध्याच्या बाईला मात्र पुरुषी शर्टच जास्त सुखाचा होतो. बेतलेल्या जाकिटाचंही खांद्याच्या बाबतीत असंच, शिवाय खांदा बदलणं हे टेलरकामातलं सगळ्यात अवघड काम. त्याच्या आतल्या खिशांचा मोह होतो हे खरं. तरी तो खिसा आपल्या मापाच्या जाकिटाला अस्तरात लावून घेणं जास्त शहाणपणाचं.

कापड आणि शिवण

इथे सरसकट विधान करता येत नाही. बायकांचे टी-शर्ट अनेकदा पातळ, कधी आरपार दिसणारे असतात आणि बाह्या आखूड. पुरुषांच्या टी-शर्टाचं कापड जाड, लांबी पुरेशी. रोजच्या धुण्याला पुरुषांचा टी-शर्ट जास्त पुरतो. पण बायकांच्या पँटमध्ये ताणणारा धागा जास्त असतो, आणि जमिनीवर बसणं, वाकणं, जिने चढणं ज्याच्या दिवसात खूप आहे त्याला तो ताण हवाच असतो. जाड, न ताणणारं डेनिम टिकतं खरं, पण उकाड्यात तापतं आणि वाळायला वेळ घेतं.

बूट

टाचेच्या बुटांचा इतिहास इथे उपयोगी पडतो. उंच टाच आधी इराणी घोडेस्वारांनी रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून वापरली, आणि सतराव्या शतकात युरोपातले प्रतिष्ठित पुरुष तीच मिरवत होते. जी गोष्ट आज बायकी म्हणून बायकांवर बंधनकारक केली जाते ती पुरुषांच्या पायातून आली, आणि तीही घोड्यावर बसण्यासाठी, चालण्यासाठी नव्हे. टाच उंचावली की शरीराचा भार चवड्यावर येतो, घोट्याचा तोल जातो. ज्या नोकरीत आठ तास उभं राहायचं आहे तिथे हा बूट कुणाच्याच पायाला योग्य नाही. २०१९ मध्ये जपानमध्ये युमी इशिकावा यांनी कामाच्या ठिकाणी टाचेच्या बुटांची सक्ती थांबावी म्हणून मोहीम उघडली, ती याचसाठी.

सपाट बुटांतही फरक आहे. त्याच लांबीचा पुरुषी बूट बहुधा रुंद असतो. पंजा रुंद असलेल्या बाईची बोटं त्यात मोकळी राहतात. टाच अरुंद असेल तर मात्र बूट मागून निसटतो, आणि नाडी वरच्या भोकापर्यंत बांधूनही निसटत असेल तर तो जोड सोडून द्यावा. लहान मुलींसाठी मी तर निःसंकोच मुलांच्या विभागातले खेळायचे बूट घेईन. धावणाऱ्या पायाला तळवा आणि पकड लागते.

उकाडा, आणि पुरुषांची बाजू

कपड्यांच्या रीतींचा तोटा फक्त बायकांना होतो, हे पुरतं खरं नाही. जून २०१७ च्या उष्म्यात फ्रान्समधल्या नांत शहरात बसचालकांना शॉर्ट्स घालायला मनाई होती, म्हणून काही पुरुष चालक स्कर्ट घालून कामावर आले. बायकांना स्कर्ट चालत होता. त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या एक्सेटर इथल्या शाळेत मुलांनीही हेच केलं. स्कर्टमध्ये हवा खेळते, मांड्या एकमेकींवर घासत नाहीत, घाम वाळतो. हे गुण घालणारा कोण आहे ते बघत नाहीत.

कचेऱ्यांमधला सूट-टायचा आग्रह तर खोलीतल्या सगळ्यांनाच भोगावा लागतो. जाकिटातल्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोली थंड करायची आणि शेजारी पातळ कपड्यातली बाई शाल घेऊन बसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की इमारतींचं तापमान ठरवण्याच्या प्रचलित सूत्रात ७० किलो वजनाचा, ४० वर्षांचा पुरुष धरलेला आहे आणि बायकांच्या शरीरातली उष्णतानिर्मिती त्यात ३५ टक्क्यांपर्यंत जास्त गृहीत धरली जाऊ शकते. जपान सरकारने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम काढून उन्हाळ्यात टाय-जाकीट सोडा आणि खोली २८ अंशांवर ठेवा असं सांगितलं. पुरुषांचा वेष सैल झाला की खोलीतल्या इतरांनाही आराम पडतो, हे त्या मोहिमेतून घेण्यासारखं आहे.

पण मी आधी म्हटलं ती असमानता इथेच आहे. पुरुषांच्या विभागातली पँट घातलेल्या बाईकडे आज बऱ्याच ठिकाणी कुणी वळूनही बघत नाही. ही मोकळीक फुकट मिळालेली नाही. पॅरिसमध्ये १८०० सालच्या आदेशानुसार पुरुषी वेष घालायचा तर बाईला पोलिसांची परवानगी लागे. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये घोड्याचा लगाम किंवा सायकलचा दांडा हातात असेल तर सूट मिळाली, आणि तो आदेश निरर्थक झाल्याचं सरकारने २०१३ मध्ये स्पष्ट केलं. लंडनमध्ये १८८१ मध्ये स्थापन झालेल्या रॅशनल ड्रेस सोसायटीला तर बायकांच्या आतल्या कपड्यांचं वजन सात पौंडांहून, म्हणजे सुमारे ३.२ किलोंहून, जास्त नसावं एवढी माफक मागणी करावी लागली होती. पुरुषांच्या बाजूने असा लांब लढा झालेलाच नाही. म्हणून स्कर्ट घातलेल्या पुरुषाला आजही टोमणे, प्रश्न आणि काही ठिकाणी प्रत्यक्ष धोका सोसावा लागतो.

तेव्हा पुरुषाला माझा सल्ला असा. घरात आणि ओळखीच्या माणसांत घेरदार कपडा बिनदिक्कत घाला, शरीराला लगेच फरक कळेल. बाहेर निम्मी सोय हलक्या कापडाच्या सैल, रुंद पायांच्या पँटनेही मिळते. तेवढ्यावर भागत असेल तर भागवा. पण स्कर्ट आवडतो म्हणूनच घालायचा असेल, तर सोयीचं कारण पुढे करायची गरज नाही. आवड हेही पूर्ण कारण आहे.

टेलरचा रस्ता

दोन्ही विभाग नापसंत पडले तर तिसरा पर्याय विसरू नका. स्कर्ट किंवा सैल झग्याच्या बाजूच्या शिवणीत खिसा लावणं कुठल्याही टेलरला तासाभरात जमतं. सैल पँटच्या आखूड खिशाची पिशवी कापून खोल करता येते. घट्ट पँटमध्ये ते करू नका, फुगवटा येईल आणि शिवण ताणेल. नवा कपडा शिवून घेत असाल तर खिशात काय ठेवणार ते सांगा, फोन समोर ठेवा आणि त्याच्या मापाने खिसा बेतायला लावा.

नियम असेल तर

काही ठिकाणी निवड आपल्या हातात नसते, गणवेश असतो. तिथे आधी नियम लेखी मागावा. पुष्कळदा ‘इथे असं चालत नाही’ हे कुणीतरी तोंडी सांगितलेलं असतं आणि कागदावर फक्त रंग आणि नीटनेटकेपणा एवढंच लिहिलेलं असतं. मग त्याच रंगाची पलीकडच्या विभागातली पँट किंवा सपाट बूट घालायला अडचण उरत नाही. कागदावर खरोखरच भेद असेल तर अर्जात समानतेच्या मुद्द्याबरोबर कामाचा तपशील घाला: किती तास उभं राहावं लागतं, किती वेळा वाकावं लागतं, कोणती वस्तू अंगावर बाळगावी लागते, सध्याच्या कपड्यात त्यातलं काय जमत नाही. आणि अर्ज एकट्याने देण्यापेक्षा, तीच अडचण असलेल्या बायका आणि पुरुष दोघांच्याही सह्या घेऊन द्या.