सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदलून नऊ महिने: ३४ चं ॲव्हरेज २४ वर कसं आलं

गाडी २०१४ ची, ३५० सीसीची मोटरसायकल, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). नागपुरात मनीषनगरहून बुटीबोरी एमआयडीसी, जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस. जवळपास सगळा रस्ता वर्धा रोडचा: चिंचभवन, जामठा, मग सरळ. साठ-पासष्टच्या वर मी क्वचितच जातो. हे आधीच सांगतोय, कारण पुढचं सगळं या साठ-पासष्टशी जोडलेलं आहे.

ॲव्हरेज मोजायची माझी पद्धत कधीच बदलली नाही. एकच पंप, गाडी मेन स्टँडवर, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. पुढच्या वेळी टाकी तिथपर्यंतच भरायची आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. डायरीत तीन वर्षांच्या नोंदी आहेत. कंपनीच्या सामानावर ३४ ते ३५, पावसाळ्यात ३३.

नोव्हेंबरमध्ये फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा, सायलेन्सर लावला. आवाज भारदस्त झाला, गाडी चार किलोने हलकी झाली, आणि खरं सांगतो, मला ती फार आवडली. ॲव्हरेज ३२.५. थ्रॉटल सोडला की मात्र मागून फटाके फुटायचे. सायलेन्सर मोकळा झाल्याने हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ पडलं होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि न जळलेलं थोडं पेट्रोल गरम पाइपात जाऊन पेटत होतं. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, आता फिल्टरपण मोकळा करा अन् जेट मोठा टाका, मग मजा बघा." जानेवारीत एअर फिल्टरचा डबा काढून कोनाच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला. जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक. मेन जेट दोन साइज मोठा, पायलट (कमी थ्रॉटलचा जेट) एक साइज मोठा, सुईची क्लिप एक खाच खाली, म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई वर. फटाके बंद झाले. पहिलीच टाकी २६.

मला वाटलं फिल्टर नवा आहे, सेटिंग बसायला वेळ लागेल. फेब्रुवारी २६, मार्च २५, मे महिन्यात २३.५.

मे महिन्याचा आकडा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. जेट बसवले तेव्हा सकाळी पारा १२ अंशांवर होता. मे महिन्यात दुपारी तो ४५ च्या पुढे गेला. इतक्या फरकात हवा साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते, आणि कार्बोरेटरला ते कळत नाही. त्यामुळे जानेवारीत थोडं जाड (पेट्रोल जास्त) असलेलं मिश्रण मे महिन्यात आणखी जाड झालं. त्यात उघडा फिल्टर सिलिंडरच्या बाजूलाच, इंजिनची तापलेली हवा ओढणारा. मूळ डबा सीटखालची थंड हवा घ्यायचा. प्लग काढून पाहिला तर काजळीने काळाकुट्ट. हिवाळ्यात तो निदान तपकिरी होता.

ऑफिसात सगळे म्हणाले, हे इथेनॉलचं पेट्रोल आहे, सगळ्यांचंच ॲव्हरेज पडून राहिलं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं तर सहा-सात टक्के फटका बसतो, हे बरोबर आहे. पण तेवढ्याने ३४ चे फार तर ३२ होतील, २४ नाही. शिवाय माझ्या शिफ्टच्या एका सहकाऱ्याकडे हीच गाडी आहे, त्याच साली घेतलेली, सगळं सामान कंपनीचं. रस्ता तोच, पंप तोच. तो मे महिन्यातसुद्धा ३३ च्या खाली आला नाही.

जूनमध्ये अजनीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी सुरूही केली नाही. पहिला प्रश्न विचारला, "बाबू, तू रोज कोणत्या रेसवर चालवून राहिला, ते सांग आधी."

साठवर पाचव्या गियरला माझं इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरतं. यालाच रेस म्हणतात. मोकळा सायलेन्सर आणि मोकळा फिल्टर यांचा फायदा होतो तो वरच्या रेसला. तो मला दिसलाही होता: अमरावती रोडवर एका रविवारी नव्वदच्या पुढे गाडी आधीपेक्षा चांगली ओढत होती. पण मूळ पाइपाची लांबी, सायलेन्सरच्या आतले पडदे आणि फिल्टरचा डबा हे तिन्ही मिळून खालच्या रेसला दम देतात. तोच मी काढून टाकला होता. ओव्हरब्रिजच्या चढावर जिथे पाचवा गियर पुरायचा, तिथे चौथा टाकून थ्रॉटल जास्त उघडावा लागत होता. दिवसातून पन्नास वेळा तेच.

त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली ती कार्बोरेटरची. माझ्या गाडीत कार्बोरेटरच्या आतला पिस्टन हवेच्या दाबावर वर-खाली होतो, त्याच्या वरच्या बाजूला रबराचा पडदा असतो. डब्यातली हवा शांत असते, म्हणून पिस्टन स्थिर उचलला जातो. उघड्या फिल्टरवर वाऱ्याचे झोत थेट येतात आणि तो थरथरतो. ट्रकच्या मागून ओव्हरटेक करताना गाडी अर्ध्या थ्रॉटलला गचके द्यायची, त्याचं कारण हे. मी चार महिने त्यासाठी प्लग आणि कॉइल बदलत बसलो.

तरी डबा परत लावायचं मन होईना. आधी फक्त मेन जेट जुना टाकून, सुई खाली करून पाहिलं. ॲव्हरेज २८ झालं, पण फटाके परत आले, इंजिन जास्त तापायला लागलं आणि प्लग पांढरट पडला. पातळ मिश्रणावर उन्हात रोज पन्नास किलोमीटर चालवणं मला पटलं नाही. त्याच आठवड्यात पीयूसी करायला गेलो. मर्यादा ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड, आणि पायलट जेट अजून मोठाच असल्याने आकडा ५ च्या वर. सायलेन्सरच्या आवाजाचा धोका वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. रात्रीच्या शिफ्टहून कॉलनीत शिरताना मी इंजिन बंद करून गाडी ढकलत आणायचो, कारण समोरच्या घरात दोन महिन्यांचं बाळ होतं. ते मला शेवटपर्यंत टोचत राहिलं.

जुलैच्या शेवटी सगळं मूळ सामान परत चढवलं. डबा माळ्यावर होता, जुने जेट औषधाच्या बाटलीत जपून ठेवले होते. सायलेन्सर काढताना बेंड पाइपाच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे येणाऱ्या पाइपाच्या) तोंडाचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद करणारी चकती, नवं घ्या. जुनं पुन्हा लावलं तर तिथून हवा शिरते आणि मूळ सायलेन्सरवरही फटाके फुटतात. माझ्याकडे पहिल्या दिवशी तेच झालं.

खर्चाचा हिशेब असा. महिन्याला १२५० किलोमीटर. ३४ ने ३७ लिटर लागायचं, २४ ने ५२ लागलं. लिटरला शंभराच्या वर भाव धरला तर महिन्याला दीड हजार रुपये जास्त. सामान आणि मजुरी यात धरलेली नाही.

ज्यांची गाडी इंजेक्शनची, म्हणजे कार्बोरेटर नसलेली, आहे त्यांच्याबद्दल मी काही सांगत नाही, माझा अनुभव कार्बोरेटरचा आहे. पण कुणी तुम्हाला "जेट मोठा केला की सगळं बसतं" म्हणालं तर आधी त्याला तुमचा रोजचा रस्ता आणि स्पीड सांगा.

परत बसवल्यानंतरच्या तीन टाक्या: ३२, ३३.४, ३३.८.