साध्या नागली सत्वाला ४ स्टार, चॉकलेटवाल्याला १ पण जास्तच

नाशिकला रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत पिठं, भाजण्या आणि सत्वांचं एक छोटं दुकान आहे, सध्या आमच्याकडे नागली (म्हणजे नाचणी) सत्व तिथूनच येतं. अर्धा किलो १६० रुपये. महाग वाटेल, पण नागली भिजवा, मोड आणा, सावलीत वाळवा, भाजा, दळा, वस्त्रगाळ करा, एवढं सगळं नोकरी सांभाळून कोण करणार सांगा!

क्वालिटीला तोड नाही. बोटांत चोळून बघा, अजिबात कचकच नाही, वास खमंग, आणि पाकिटावर घटक एकच, मोड आलेली नागली. फक्त आधी थंड पाण्यात कालवा आणि मग मंद गॅसवर ठेवा, डायरेक्ट उकळत्या पाण्यात टाकलंत तर गुठळ्या फोडत बसाल. वरून तूप, थोडा गूळ, पोरगी वाटी चाटूनपुसून खाते.

आता तक्रार. काउंटरवर अगदी लहान मुलांच्या नजरेला येईल असं चॉकलेट फ्लेवरचं 'नागली मिक्स' ठेवलंय. मागे बारीक अक्षरात वाचलं तर पहिलाच घटक साखर, नागली दुसरी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे काय ते समजा. २०२४ मध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन कंपन्यांना सांगितलं होतं की असल्या चॉकलेटी पावडरी 'हेल्थ ड्रिंक' म्हणून दाखवू नका, पण आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत ते कुठे पोचतंय.

मी उभी असताना एक ताई आल्या, पोरगा अगदीच काडी झालाय म्हणे, वजन वाढायला काहीतरी द्या. काकांनी तेच चॉकलेटवालं दिलं. नंतर मी सांगितलं की आमची चार वर्षांची आहे, अंगाने भरलेली आहे पण हिमोग्लोबिन ९.८ आलंय (या वयात ११ तरी हवं), तर काका म्हणाले "अहो, चांगली गुटगुटीत तर आहे!" आणि मलाही तोच पुडा पुढे केला. सासूबाईंचंही हेच, गाल वर आले की मूल तब्येतीत. २०१९-२१ च्या एनएफएचएस (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य) सर्व्हेत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची शंभरातली ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली, जादा वजनाची ४, जी आधीच्या सर्व्हेत २ च्या आत होती, आणि रक्त कमी असलेली जवळपास ६९. नुसत्या काडी पोरांचं रक्त कमी असतं तर हा आकडा एवढा आला असता का? त्या साखरेने बारक्याचं पोट नुसतं भरणार आणि आमचीचं वजन अजून वाढणार, रक्त दोघांचंही वाढणार नाही.

एक स्टार कापला तो 'रक्तवाढीसाठी नागली' या पाटीसाठी. नागलीचा खरा जोर कॅल्शियमवर, १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. लोह आहे पण अंगाला कमी लागतं, मोड आणल्याने थोडा फरक पडतो, सोबत लिंबू-आवळा दिला तर अजून. आमच्या डॉक्टरांनी आयर्नचं सिरप दिलंय ते चालूच आहे, सत्व हा नाश्ता, औषध नाही.

काकांना म्हटलं ते चॉकलेटवालं जरा मागे तरी ठेवा, तर म्हणतात "मॅडम, तेच तर खपतं." असो. यूपीआय चालतं, दुपारी १ ते ४ बंद, आणि गाडी कारंजावर न्यायच्या भानगडीत पडू नका, लांब लावून चालत जा.