रुग्ण-समाधान फॉर्म आणि वेळेची चिठ्ठी : आठ महिने वापरल्यानंतर

आधी निकाल. एनक्यूएएससोबत, म्हणजे सरकारी रुग्णालयांसाठीच्या राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांसोबत येणारा रुग्ण-समाधान फॉर्म नुसता भरत राहिलात, तर पाचपैकी दोन. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चार साधे प्रश्न छापले आणि केसपेपरला रुग्ण कुठे किती वाजता पोचला ते टिपणारी वेळेची चिठ्ठी टाचली, तर चार. वापर ५० खाटांच्या सरकारी रुग्णालयातला आहे. महिन्याला ओपीडीचे ३० आणि आयपीडीचे, म्हणजे दाखल रुग्णांचे, ३० फॉर्म, आणि बाजाराच्या दिवशी उसंत नसलेली ओपीडी.

ही मानकं २०१३ सालची. तपासनीस प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण देतो आणि त्यासाठी त्याच्याकडे चार वाटा असतात : डोळ्यांनी पाहणं, कर्मचाऱ्याला विचारणं, नोंदी उघडणं आणि रुग्णाला विचारणं. चौथी वाट सगळ्यांत कमी तुडवली जाते. रजिस्टर टेबलावर हजर असतं, रुग्णाला मात्र एसटी पकडायची असते. फॉर्म ही उणीव भरून काढायला आहे, आणि तिथेच तो लंगडतो.

पहिली अडचण पाच पायऱ्यांची. असमाधानकारक ते उत्कृष्ट अशी १ ते ५ ची पट्टी कागदावर ठीक दिसते. पण “नोंदणी खिडकीवरची वागणूक उत्तम की अतिउत्तम?” या प्रश्नाला उत्तर येतं, “बरं हाय की.” विचारणारा त्याचे ४ करतो. दुसऱ्याने विचारलं तर ३. म्हणजे मोजला गेला तो विचारणारा. त्यातही खाटेशेजारी वॉर्डातल्याच सिस्टर विचारत असतील आणि डिस्चार्ज कार्ड अजून हातात पडलं नसेल, तर कोण तोंड उघडेल? फॉर्म कार्ड दिल्यावर, वॉर्डाबाहेर आणि त्या वॉर्डाशी संबंध नसलेल्या माणसाने भरून घ्यायचा. एवढ्या एका बदलाने उत्तरांचा सूर बदलतो.

दुसरी अडचण सरासरीची. ३० जणांपैकी २४ जणांनी ४ दिले आणि ६ जणांनी १, तर बेरीज १०२, सरासरी ३.४. आता १२ जणांनी ४ आणि १८ जणांनी ३ दिले, तरी बेरीज १०२ आणि सरासरी ३.४ च. पहिल्या महिन्यात सहा माणसं दुखावून गेली, दुसऱ्यात एकही नाही, आणि मासिक तक्त्यात दोन्ही महिने जुळे भाऊ. म्हणून प्रत्येक प्रश्नाला १ किंवा २ देणारे किती, एवढंच मोजा आणि तोच आकडा गुणवत्ता समितीपुढे ठेवा. सरासरी वर पाठवायला लागते, ती पाठवा.

तिसरी अडचण सगळ्यांना माहीत असते, बोलत कोणी नाही : महिनाअखेरीस एकाच पेनने भरलेले फॉर्म. टिकांची उभी रांग एकाच रकान्यात दिसली की समजून जा. उपाय म्हणजे दिवस आधीच ठरवणं : आठवड्याला आठ, त्यातले दोन बाजाराच्या दिवशी, आणि दर दहावा केसपेपर. ‘समोर दिसला त्याला विचारलं’ या पद्धतीत बोलके आणि रिकामे बसलेलेच सापडतात, कडेवर पोर असलेली बाई सुटते.

मूळ फॉर्मचा मजकूर बदलू नका, तपासणीला तोच मागतात. मागच्या बाजूला मत विचारू नका, काय घडलं ते विचारा. “हाक मारल्यावर सिस्टर दर वेळी आल्या, कधी कधी आल्या, की आल्याच नाहीत?” “तपासताना पडदा ओढला होता का?” “बाहेरून काही विकत आणायला लागलं का, काय?” अमेरिकेतल्या रुग्णालयांचं एचसीएएचपीएस सर्वेक्षणही बरंचसं याच धर्तीवर आहे, त्यातही ‘नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, कधीच नाही’ अशी उत्तरं असतात. बाहेरच्या औषधाचा प्रश्न तर ठेवाच. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. तेव्हा खर्च झालाच, तर तो बहुधा बाहेरच्या मेडिकलमधला, आणि नेमकं कोणतं औषध संपलं होतं ते इथे नावानिशी कळतं.

चौथा प्रश्न सगळ्यांत कामाचा : “ही गोळी घरी कशी घ्यायची, मला सांगता?” बीपीच्या रुग्णाने “चक्कर आली की एक” असं सांगितलं, तर समुपदेशनाच्या रकान्यातल्या ५ गुणांचं काय करायचं ते ठरवा. चूक सापडली तर आधी तिथल्या तिथे फार्मासिस्टकडे परत न्यायचं, मग कागदावर लिहायचं.

आता चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा कागद, चार रकाने : केसपेपर खिडकी, डॉक्टरांच्या खोलीत प्रवेश, लॅबमध्ये नमुना, औषध हातात. जिथे रुग्ण जाईल तिथल्या माणसाने फक्त वेळ लिहायची. सुरुवातीच्या चिठ्ठ्या बाद धराव्या लागतात, कारण रुग्ण डॉक्टरांकडे जायच्या आधीच लॅबमध्ये पोचलेला दिसतो. भिंतीवरची घड्याळं! प्रत्येक खोलीचं वेगळं. सोमवारी सकाळी सगळी मोबाइलवरच्या वेळेशी जुळवा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. आठवड्याला २० चिठ्ठ्या पुरतात. सरासरी काढू नका, चढत्या क्रमाने लावून मधली वेळ घ्या. एखादा रुग्ण जेवायला गेला तरी तिला धक्का लागत नाही.

चिठ्ठी जे दाखवते ते फॉर्म दाखवत नाही. रांग डॉक्टरांच्या दाराशी दिसते म्हणून सगळे डॉक्टर वाढवून मागतात. वेळ बहुधा नमुना दिल्यापासून रिपोर्ट येईपर्यंत जातो, कारण नमुने साठवून एकदम लावले जातात आणि रिपोर्ट येतो तेव्हा ओपीडी उठलेली असते. पर्यायाने माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो, नवा केसपेपर काढतो आणि रांग आणखी वाढते. नमुने दर अर्ध्या तासाने लॅबमध्ये नेणं हे बिनपैशाचं काम आहे, फक्त ते कोणाचं हे ड्युटीच्या तक्त्यात लिहिलेलं हवं.

आकडे आलेखाच्या वहीत दर आठवड्याला एक ठिपका असे मांडा आणि मध्यकाची आडवी रेघ ओढा. ओळीने सहा ठिपके रेघेच्या एकाच बाजूला आले तर खरंच काहीतरी बदललंय. एका आठवड्याच्या चढउतारावर बैठक बोलावली की लोक आकडे सुधारायला लागतात, काम तसंच राहतं.

केंद्र सरकारच्या ‘मेरा अस्पताल’ या, रुग्णांची प्रतिक्रिया मोबाइलवर मागवणाऱ्या व्यवस्थेची जोड उपयोगी आहे, अट एकच : नोंदणीतला मोबाइल नंबर रुग्णाचा हवा. गरोदर बायकांच्या नोंदीत पुष्कळदा आशाताईंचा नंबर असतो आणि प्रतिक्रियेचा मेसेजही त्यांनाच जातो. नोंदणी खिडकीवर “हा नंबर कोणाचा?” एवढं विचारायची सवय लावायला आम्हाला दोन महिने लागले. चिठ्ठीवर पाचवा रकाना कोरा सोडा. सोनोग्राफीचा वार असतो त्या दिवशी तो लागतोच.