हेग्रा (मदाइन सालेह) दोन दिवसांची टूर: जागा एक नंबर, एजंटचं न बोललेलं बरं

जानेवारीत अब्बा-अम्मी फॅमिली व्हिजिटवर जेद्दाला आले होते, उमरा झाला, मदिना झाली, आणि मग मलाच हौस की आता यांना जरा वेगळं काहीतरी दाखवावं. ऑफिसात एकाने नंबर दिला, त्या एजंटचं व्हॉट्सअॅपवर पोस्टर आलं, काळं बॅकग्राऊंड, लाल अक्षरं, 'जिन्नांचं शापित शहर, हिंमत असेल तर या'. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं. माणशी ७५० रियाल, गाडी, एक रात्र हॉटेल, हेग्राचं (सौदीतल्या अल-उला गावाजवळची, खडकात कोरलेल्या थडग्यांची जुनी जागा) तिकीट, अल-उलाचं जुनं गाव, सगळं त्यात. आम्ही चौघं, म्हणजे तीन हजार रियाल गेले, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा लांबणार आहे, आधीच सांगतो.

पहिलं एजंटचं उरकून टाकतो. पहाटे ४ ची गाडी साडेपाचला आली. जेद्दापासून अल-उला सातशेच्या आसपास किलोमीटर आहे, रस्ता मख्खन, पण सात-आठ तास तर लागतातच, त्यामुळे एजंटने कबूल केलेला हेग्राचा 'सकाळचा स्लॉट' कसा काय मिळणार होता हे त्यालाच माहीत. गाडीत विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला दुपारचाच आहे भाई, दुपारी ऊन छान असतं. आणि तिकीट जे पॅकेजमध्ये 'स्पेशल एंट्री' म्हणून दिलं होतं ते साधं बसच्या टूरचं, जे तेव्हा कुणालाही ऑनलाईन ९५ रियालला मिळत होतं, मी तिथे रांगेत उभं राहून बघितलं. हॉटेल ठीक. गरम पाणी एकाच बाथरूमला. बास, एजंटवर याहून जास्त टायपिंग नाही करणार.

आता हेग्रा. तिथे स्वतःची गाडी घेऊन आत जाता येत नाही, बस घेऊन जाते, ठरलेल्या ठिकाणी उतरवते, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचे गाईड उभे असतात, त्यांना तिथे 'रावी' म्हणतात, म्हणजे गोष्ट सांगणारा. आमच्या वाट्याला पंचविशीतली एक मुलगी आली, इथलीच, अल-उलाची. सुरुवातीला कहवा आणि खजूर देतात. अब्बांनी कप हातात घेतला आणि मला म्हणाले, विचार तिला, ह्ये पानी कुठलं हाय. मला वाटलं पोटाची काळजी. तिला विचारलं तर ती हसली, म्हणाली बाटलीचं आहे, बाहेरून येतं. मग प्याले. याचं कारण मला पुढे कळलं.

जागेबद्दल काय लिहू, फोटोत त्याच्या दहा टक्केसुद्धा दिसत नाही. सपाट वाळू, आणि मधूनमधून नुसते तांबूस खडकाचे ढिगारे उठलेत, आणि त्या खडकांच्या अंगात दरवाजे. १११ थडगी आहेत, त्यातली ९४ कोरीवकामाची, आणि सौदीतली युनेस्कोच्या यादीत गेलेली ही पहिली जागा, २००८ साली. हे सगळं नबाती लोकांचं, तेच ज्यांचं पेट्रा, इथून वर पाचेकशे किलोमीटरवर जॉर्डनमध्ये. धूप आणि मसाल्यांच्या काफिल्यांवर पैसा केलेली माणसं. इसवीसनाच्या अलीकडे-पलीकडे शंभर वर्षांत हे बहुतेक कोरलंय.

कस्र अल-फरीद म्हणजे पोस्टरवर असतं ते, एकटाच सुटा खडक आणि त्यात एकच थडगं, २२ मीटरच्या आसपास उंच. पण मला त्याची उंची नाही लक्षात राहिली. ते अर्धवट सुटलंय. वरून खाली कोरत यायचे, त्यामुळे वरचा भाग गुळगुळीत, पायऱ्यापायऱ्यांची नक्षी, चार खांब (बाकीच्यांना बहुतेक दोनच असतात, म्हणजे मालक तालेवार असणार), आणि जसजसं खाली याल तसतसा दगड खडबडीत होत जातो, तळाशी तर नुसते छिन्नीचे ओरखडे, तिरके, एकाच दिशेने, बोटं फिरवावी असं वाटतं (हात लावू देत नाहीत, ते बरोबरच आहे). एक पाथरवट त्या दिवशी छिन्नी खाली ठेवून गेला आणि परत आलाच नाही, दोन हजार वर्षं झाली. मी तिथे दहा मिनिटं उभा होतो आणि बसवाला हॉर्न मारत होता. वेळ कमी देतात, हे लिहून ठेवा, प्रत्येक थांब्यावर पंधरा-वीस मिनिटं, कितीही पळा.

जबल अल-बनात नावाच्या खडकावर रावीने दारावरचे लेख वाचून दाखवले, तो भाग मला सगळ्यात आवडला. गरुड आहेत, माणसाच्या तोंडाचे पंखवाले प्राणी आहेत, साप आहेत, आणि त्याच्याखाली चक्क कागदपत्र. म्हणजे आपल्याकडे सातबाऱ्यावर असतं तसं: हे थडगं अमक्याने स्वतःसाठी आणि मुलाबाळांसाठी केलं, कुणी विकलं, गहाण ठेवलं किंवा भलत्याला आत पुरलं तर त्याला देवांचा शाप, आणि वर हजार सेला (त्यांचं नाणं) दंड, काही ठिकाणी देवाला वेगळा आणि त्यांच्या हारिसत राजाला वेगळा. साल लिहिलंय, राजाच्या राज्याचं कितवं वर्ष ते, पाथरवटांनी आपली नावंसुद्धा कोरलीत. शाप देऊन भागेना म्हणून दंड पण लावला, मला हसूच आलं. आत मात्र काही नाही, छोटी काळोखी खोली, भिंतीत माणूस मावेल एवढे कप्पे, संपलं. सगळा खर्च बाहेरच्या तोंडावर.

अब्बा बसमधून उतरलेच नाहीत.

पहिल्या थांब्यावर मला वाटलं गुडघे दुखत असतील. दुसऱ्या थांब्यावर बघतो तर डोक्यावर रुमाल ओढून, मान खाली घालून बसलेत, ओठ हलतायत. अम्मीने मला बाजूला घेतलं, म्हणाली त्यांना काही बोलू नको. तिकिटाचे पैसे गेले या विचाराने माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं अब्बा एवढ्या लांब आलोय, तर म्हणाले, तू जा, बघ, म्या हितंच बरा, ह्या जागेत हुजूर सुदिक थांबलं न्हाईत.

गोष्ट अशी की पैगंबर सालेह (अ.) यांचं न ऐकणाऱ्या समूद लोकांवर अजाब, म्हणजे अल्लाहची शिक्षा, इथेच आली असं मानतात, आणि हिजरी ९, म्हणजे ६३० साली, तबूकच्या मोहिमेवर जाताना पैगंबर मुहम्मद (स.) फौजेसोबत इथूनच गेले. हदीसमध्ये आहे, ज्यांनी स्वतःवर जुलूम केला त्यांच्या घरात रडत गेलात तरच जा, नाहीतर जाऊ नका, असं ते म्हणाले आणि डोकं झाकून जनावर पळवलं. सोबतच्या लोकांनी इथल्या विहिरींचं पाणी काढून कणीक मळली होती, तर ते पाणी ओतून द्यायला लावलं, कणीक उंटांना घालायला लावली, आणि ज्या विहिरीवर सालेह यांची उंटीण पाणी प्यायची (तिची गोष्ट पुढे येते) तिथूनच भरा म्हणाले. कहव्याचं पाणी कुठलं हे म्हातारा का विचारत होता ते तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं.

आणि इथेच माझी टूरबद्दलची खरी तक्रार आहे. दोन तासांत रावी मुलगी नबात्यांबद्दल इतकं सुंदर बोलली, मसाले, काफिले, लिपी (आजची अरबी लिपी त्यांच्याच लिपीतून आली म्हणे), राजे, रोमनांनी १०६ साली हे राज्य गिळलं ते, सगळं. पण ज्यांच्या नावाने जगभरचे मुसलमान या जागेला 'मदाइन सालेह' म्हणतात त्या सालेह (अ.) यांचं नाव एकदाही नाही. कुरआनात अल-हिज्र नावाची आख्खी सूरा आहे. मी विचारलं तर म्हणाली, ते सगळ्यांना माहीतच असतं, आम्ही दगडावर जे लिहिलंय ते सांगतो. उत्तर प्रामाणिक आहे, पण बसमध्ये अर्धे लोक युरोपातले होते, त्यांना काय माहीत असणार. म्हणजे ते एजंटच्या पोस्टरवरचे जिन्न घेऊन घरी गेले.

ती चूक बोलत नव्हती, हेही खरं. आपण लहानपणापासून ऐकतो की डोंगर कोरून केलेली समूदची घरं ती हीच, पण ही घरं नाहीत, थडगी आहेत, आणि नबात्यांची आहेत, समूद त्याआधीचे. समूदांचं नाव असीरियाच्या राजाच्या, दुसऱ्या सारगोनच्या लेखात येतं, इसवीसनपूर्व ७१५ च्या सुमाराचं, म्हणजे यातल्या सगळ्यात जुन्या थडग्याच्याही सातशे वर्षं आधी. मी हे बसमध्ये येऊन अब्बांना सांगितलं, म्हटलं चला आता उतरा, ही ती घरं नाहीतच. त्यांनी शांतपणे विचारलं, मग ह्यांची घरं कुठं हायती? परत खाली जाऊन रावीला विचारून आलो. मधल्या सपाटीवर, मातीच्या विटांची, आता जमिनीखाली. अब्बा म्हणाले, म्हंजी जित्यापणी मातीत आन मेल्यावर दगडात. आणि नाहीच उतरले.

मग परतीच्या टप्प्यात, बस शेवटच्या स्टॉपला उभी असताना, त्यांनीच ती गोष्ट सांगितली, मला, बायकोला आणि मागच्या सीटवरच्या एका हैदराबादी जोडप्याला, ती दोघं उर्दूतून मधेमधे भर घालत होती. अब्बा शेतकरी माणूस, त्यामुळे त्यांच्या गोष्टीत अजाब कमी आणि पाणी जास्त होतं. समूद खाऊनपिऊन सुखी. बागा, झरे, पिकं, खजुराचे लगडलेले घड, वर डोंगर कोरून घरं करायची कारागिरी. सालेह त्यांच्यातलाच, कुरआन 'त्यांचा भाऊ' म्हणतं. त्याने विचारलं, हे सगळं असंच राहील, तुम्हाला कोणी हात लावणार नाही असं वाटतं का तुम्हाला? तर लोक काय म्हणाले, अरे सालेह, तुझ्याकडून आम्हाला केवढी आशा होती. (हे वाक्य मला फार लागलं, अगदी घरातलं वाक्य आहे हे, पोरगं लाईन सोडून बोलायला लागलं की चुलते असंच म्हणतात.) निशाणी दाखव म्हणाले, तर उंटीण आली. आणि अट काय, तर एक दिवस पाणी तिचं, एक दिवस तुमचं.

"पाळी लावून दिली व्हती," अब्बा म्हणाले. "आपल्या पाटाला असती तशी. आता ज्येच्याकडं लई हाय त्येलाच दुसऱ्याची पाळी बघवत न्हाई. आमच्या पाटकऱ्याला इचार."

नऊ जणांची टोळी होती गावात, नासधूस करणारी. उंटिणीच्या पायाच्या शिरा तोडल्या. सालेह म्हणाले, तीन दिवस घरात मजा करून घ्या. चौथ्या दिवशी सकाळी एक आवाज झाला, आणि जो जिथे होता तिथेच गुडघ्यावर पालथा. यावर अब्बा काही बोलले नाहीत, अम्मीने फक्त 'या अल्लाह' म्हटलं. बसवाल्याने एसी वाढवला.

मला म्हणायचंय एवढंच की ही गोष्ट त्या टूरमध्ये दोन मिनिटांत सांगता आली असती, आणि सांगायला निमित्त पण तिथेच होतं, कारण हेग्रात १३० च्या आसपास विहिरी सापडल्यात. नबाती पाण्याच्या बाबतीत उस्ताद, युनेस्कोने थडग्यांच्या जोडीने त्यांच्या पाण्याच्या अकलेचं पण कौतुक केलंय. वाळवंटात शहर उभं राहिलं ते पाण्यावर, आणि जुनी गोष्ट पण पाण्याचीच. पण विहीर बसमधून लांबूनच दाखवतात, 'लेफ्ट साईडला बघा' म्हणून, आणि तोपर्यंत ती मागे गेलेली असते.

दुसऱ्या दिवशी अल-उलाचं जुनं गाव, मातीची घरं एकमेकांना चिकटलेली, एका भिंतीपाशी तंतोरा नावाचं सावलीचं घड्याळ आहे. हिवाळ्याच्या पहिल्या दिवशी त्याची सावली समोरच्या ठरलेल्या दगडावर पडते, त्यावरून पेरणीचा हंगाम धरायचे. अब्बा इथे मात्र तासभर रमले. एजंटच्या प्लॅनमध्ये याला वीस मिनिटं होती, ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, त्याला मी चहाचे पैसे दिले आणि जाऊन बस म्हटलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: जेद्दा-रियाधमध्ये राहत असाल तर एजंट अजिबात नको, गाडी काढा, तिकीट स्वतः ऑनलाईन काढा, सकाळचा स्लॉट घ्या आणि आदल्या रात्रीच अल-उलात जाऊन झोपा. थंडीत जॅकेट न्या, संध्याकाळी कडाक्याचं गार होतं. वयस्कर माणसं सोबत असतील तर वाळूत चालणं आहे, आणि घरचे धार्मिक असतील तर आधी विचारून घ्या की येणार का, माझ्यासारखं तिकीट काढून झाल्यावर नको. जागेला पाचपैकी पाच. रावी मुलीला साडेचार, अर्धा सालेहचा कापला. एजंटला एक, तोही ड्रायव्हर रात्री न झोपता नीट चालवत होता म्हणून.

परत येताना अल-उला सोडल्यावर पाच-सहा उंट रस्त्यावर आडवे आले आणि हलेनात, ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. मागून अब्बा म्हणाले, थांब की रं, त्येंची पाळी हाय. ड्रायव्हर पाकिस्तानी, त्याला मराठी कळलं नाही, पण हॉर्न थांबवला.

एजंटने सकाळच्या स्लॉटबद्दल माणशी ५० रियाल परत देतो म्हटलं होतं. तीन आठवडे झाले, ब्लू टिक येतेय.