डिस्पोजेबल कॅमेरा: फिल्मचा घ्यावा की डिजिटल?

गेल्या अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईतून मानाचा पहिला कसबा गणपती निघाला, तेव्हा माझ्याजवळ दोन कॅमेरे होते. एक फुजीफिल्मचा क्विकस्नॅप, २७ छायाचित्रे काढली की संपणारा. दुसरा त्याच्याच घाटाचा, मागे चित्र दाखवणारा पडदा नसलेला डिजिटल, ज्याची जाहिरात ‘डिजिटल डिस्पोजेबल’ अशी केली जाते. दोन्हींवर तीच दृश्ये टिपायची आणि मगच मत बनवायचे, असे मी ठरवले होते.

लक्ष्मी रस्त्यावर एका बाजूला इमारतींची गर्द सावली होती आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या कुर्त्यांतील ढोलपथकावर थेट ऊन पडले होते. डिजिटल चित्रांत कुर्त्यांच्या चुण्या नाहीशा होऊन केवळ पांढरे डाग उरले. फिल्मवर मात्र त्या चुण्या आणि हवेत उडालेला गुलाल दोन्ही उतरले. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा प्रकाश बराच सोसते, तर डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सरची, म्हणजे फिल्मऐवजी प्रकाश टिपणाऱ्या भागाची, मर्यादा एकदा ओलांडली की तेथील तपशील कायमचा जातो. शिवाय ३५ मिमी फिल्मची चौकट २४ × ३६ मिलिमीटर असते आणि अशा स्वस्त कॅमेऱ्यांतील सेन्सर करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो.

मला सर्वांत खटकला तो डिजिटल कॅमेऱ्याचा विलंब. क्विकस्नॅपचे शटर स्प्रिंगवर चालते, त्यामुळे ते बटण दाबताच उघडते. डिजिटलमध्ये बटण दाबणे आणि चित्र उमटणे यांत क्षणभर जातो. वर उचललेले टिपरू टिपायला जावे, तर चित्रात ते ढोलावर टेकलेले दिसते, आणि पडदा नसल्यामुळे हे घरी येईपर्यंत कळतही नाही.

अंधार पडल्यावर मात्र पारडे फिरले. क्विकस्नॅपच्या भिंगाचे छिद्र लहान आणि शटरचा वेग कायम एकच असल्यामुळे फ्लॅशच्या तीनेक मीटरांपलीकडे फिल्मवर जवळजवळ काहीच उमटले नाही, तर डिजिटलवर रोषणाईतले चेहरे खरबरीत असले तरी ओळखू आले.

‘डिस्पोजेबल’ हा शब्द डिजिटलला लावणेच मला चुकीचे वाटते. २००३ मध्ये अमेरिकेत डकोटा डिजिटल नावाचा २५ छायाचित्रांचा कॅमेरा विकला गेला. तो दुकानात परत द्यायचा आणि छापील छायाचित्रे घ्यायची, अशी योजना होती, व परत आलेला कॅमेरा पुन्हा विकला जात असे. म्हणजे ते मुळात भाड्यानेच देणे होते. सेन्सर, लिथियमची बॅटरी आणि मेमरी असलेली वस्तू २५-३० छायाचित्रांनंतर टाकून देण्यास कोणतेही कारण नाही. माझ्याकडचा डिजिटल कॅमेरा चार्ज करून पुन्हा वापरता येतो, आणि तो घेण्यासारखा असेल तर एवढ्याचसाठी: फिल्मचे तीन-चार डिस्पोजेबल, त्यांचे डेव्हलपिंग (फिल्म धुणे) आणि स्कॅनिंग यांच्या खर्चात त्याची किंमत वसूल होते. शाळेच्या सहलीला निघालेल्या मुलाच्या हाती मी तोच देईन.

घरातल्या समारंभासाठी मात्र मी फिल्मच निवडेन, आणि त्याचे कारण निगेटिव्ह हे आहे. आईच्या लग्नाच्या निगेटिव्ह पट्ट्या आमच्या कपाटात आजही आहेत आणि त्यांवरून मागच्या वर्षी आम्ही नव्याने प्रती काढून घेतल्या. म्हणून डेव्हलपिंगला देताना केवळ स्कॅनवर समाधान न मानता निगेटिव्ह परत हवी आहे, हे आधीच बजावून सांगावे. मी पहिल्या वेळी सांगितले नाही आणि ती पट्टी मला परत मिळाली नाही. फिल्म उष्णतेने खराब होते, तेव्हा एप्रिल-मे महिन्यांत हा कॅमेरा स्कूटरच्या डिकीत ठेवू नये आणि शेवटचे छायाचित्र काढल्यावर तो महिनोन्‌महिने पडू न देता लवकर धुवायला द्यावा.